दिरहमची भाषा शिकणारे संशोधक

दुबई-शारजात मराठी मंडळी जमली की पूर्वी गप्पांचे विषय ठरलेले असायचे. घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, विमानाची तिकिटं आणि गावाकडचं अर्धवट राहिलेलं बांधकाम. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. फराळाची प्लेट हातात असताना कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "काय हो, ते एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम वगैरे करावेत का? उपयोग होतो का खरंच?"

विचारणारा किंवा विचारणारी बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासची असते. पेंट, बांधकाम-रसायनं, औषधं, प्लॅस्टिक, अॅल्युमिनियम, पाण्याचं शुद्धीकरण अशा कुठल्यातरी कंपनीच्या आर अँड डी विभागात. दहा-बारा वर्षं प्रयोगशाळेत उभं राहून काढल्यावर आता व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' आलेलं असतं. हाताखाली सहा-सात माणसं असतात. कुणी केरळचा, कुणी इजिप्तचा, एखादी फिलिपिन्सची, आणि नुकताच रुजू झालेला एखादा अमिराती इंजिनियर. आणि तिकडे कोल्हापूर किंवा नाशिकहून आई फोनवर म्हणत असते, "अरे, या वयात पुन्हा शाळा? मुलांचा अभ्यास घेणार की स्वतःचा करणार?"

आईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. या कोर्सेसची फी भरपूर असते, शनिवार-रविवार जातात, आणि शेवटी हातात पडतो तो एक चकचकीत कागद. तरीही हा प्रश्न इतक्या जणांना एकाच वेळी का पडायला लागला, ते समजून घेण्यासारखं आहे.

आर अँड डी मधला माणूस मॅनेजर होतो तो बहुतेक वेळा उत्तम रसायनतज्ज्ञ किंवा उत्तम इंजिनियर असतो म्हणून. बढतीचं पत्र हातात पडतं आणि दुसऱ्या दिवसापासून ज्या कामासाठी बढती मिळाली ते काम कमी होतं. आता वर्षाचं बजेट मांडायचं, नव्या उपकरणाची मागणी पटवून द्यायची, कुठला प्रकल्प आधी आणि कुठला नंतर ते ठरवायचं. फायनान्सवाला मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारतो, "हे पैसे परत कधी येणार?" आणि आपला माणूस उत्तरादाखल चिकटपणाचे आलेख उघडून दाखवतो. समोरचा दोन मिनिटं ऐकून घेतो, घड्याळाकडे बघतो, आणि प्रकल्प 'पुढच्या तिमाहीत बघू' या खणात जाऊन पडतो.

यात आपल्या मराठी स्वभावाचाही थोडा वाटा आहे, असं मला वाटतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, काम चांगलं असेल तर दिसेलच, अशी आपली समजूत. पैशाचं बोलणं म्हणजे सेल्सवाल्यांचं काम, आपण बरे आणि आपली लॅब बरी. गुजराती, सिंधी, लेबनीज सहकारी त्याच मीटिंगमध्ये निम्म्या तयारीचा प्रकल्प तिप्पट आत्मविश्वासाने मांडतात आणि मंजूर करून घेतात. मग आपण घरी येऊन म्हणतो, बोलणाऱ्याची मातीही विकली जाते! ते खरं असेलही. पण तो नुसता बडबडत नसतो, त्याला हिशेबाची भाषा येत असते. हा फरक मान्य करायला आपल्याला जड जातं.

अमिरातीत ही भाषा येणं आता पूर्वीपेक्षा गरजेचं झालं आहे, त्याला कारणं आहेत. मार्च २०२१ मध्ये इथल्या सरकारने 'ऑपरेशन ३०० बिलियन' नावाचं औद्योगिक धोरण जाहीर केलं. देशाच्या उत्पन्नातला उद्योगांचा वाटा १३३ अब्ज दिरहमवरून २०३१ पर्यंत ३०० अब्जांवर न्यायचा, आणि उद्योगातल्या संशोधनावरचा खर्च २१ अब्जांवरून ५७ अब्जांवर, असं त्यातलं उद्दिष्ट आहे. म्हणजे जो विभाग आतापर्यंत कारखान्याच्या मागच्या बाजूला, कॅन्टीनशेजारी कुठेतरी असायचा, त्याच्याकडे आता वरच्या मजल्यावरून लक्ष गेलं आहे.

दुसरं कारण कराचं. ज्या देशात 'टॅक्स नाही' म्हणून आपण आलो, तिथे १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांना ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर लागू झाला. त्यापाठोपाठ डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या अर्थ मंत्रालयाने संशोधनाला करसवलत जाहीर केली. २०२६ पासूनच्या करवर्षांसाठी, देशातच केलेल्या संशोधनाच्या पात्र खर्चावर ३० ते ५० टक्के, आणि तीही काही प्रमाणात परत मिळण्याजोगी, असं त्या घोषणेत होतं. तुमच्या कंपनीला ती कशी आणि किती लागू होते, हे करसल्लागारच सांगेल. पण त्या घोषणेतला एक शब्द प्रत्येक आर अँड डी मॅनेजरने कान देऊन ऐकण्यासारखा आहे. संशोधन कशाला म्हणायचं ते 'फ्रास्काती मॅन्युअल'नुसार ठरणार.

फ्रास्काती हे इटलीतल्या रोमजवळचं गाव. तिथे १९६३ मध्ये ओईसीडी देशांच्या तज्ज्ञांनी बसून संशोधनाचा खर्च मोजायचा कसा याचे नियम ठरवले. तेच पुढे सुधारत आजपर्यंत आले आहेत. त्यातल्या कसोट्या पाच. काम नवं हवं, नुसती नक्कल नको, म्हणजे त्यात कल्पकता हवी. शेवट काय होईल याची खात्री नसावी. काम पद्धतशीर, नोंदी ठेवून केलेलं हवं. आणि निष्कर्ष दुसऱ्या कुणाला वापरता किंवा पडताळता यावेत. आता आपल्या लॅबमधला एक आठवडा आठवून बघा. ग्राहकाची तक्रार आली म्हणून डबा उघडून तपासला, तो यात बसत नाही. दर बॅचची नेहमीची चाचणीही नाही. स्वस्तातलं पिगमेंट मिळालं म्हणून एकाच्या जागी दुसरं घातलं, तेही बहुधा नाही. पण पन्नास अंश तापलेल्या छतावर टिकेल असं कोटिंग बनवताना तीन वेळा अपयश आलं, ते मात्र बसू शकतं, जर त्या तीन अपयशांच्या नोंदी तारखेसकट असतील तर. आपल्याकडे अपयशाच्या नोंदी सहसा कुणी ठेवत नाही. वहीचं ते पान उलटून पुढे जातात.

म्हणजे लॅबमधल्या माणसाने काय लिहून ठेवलं यावर कंपनीच्या ताळेबंदातला एक आकडा अवलंबून राहणार. ही गोष्ट फायनान्सवाल्याला एकट्याला जमणारी नाही आणि केमिस्टला एकट्यालाही नाही. मधल्या फळीतला माणूसच ती जोडू शकतो.

आता या कोर्सेसमध्ये खरोखर शिकवतात काय, ते थोडं हिशेबाने बघू. कारण 'लीडरशिप', 'इनोव्हेशन' वगैरे शब्द माहितीपत्रकात ढीगभर असतात, पण त्यातला जो भाग घरी घेऊन यावा असा असतो, तो साध्या गणिताचा आहे.

समजा, तुमचा प्रकल्प आहे उन्हात छत तापू नये म्हणून लावायच्या कोटिंगचा. खर्च १० लाख दिरहम. पहिलं वर्ष प्रयोगात जाणार. दुसऱ्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी ४ लाख दिरहमचा फायदा. लॅबमधला माणूस म्हणतो, १६ लाख आले, १० गेले, ६ लाखांचा नफा, मग अडलं कुठे? फायनान्सवाला म्हणतो, थांबा. पाच वर्षांनी येणारे ४ लाख म्हणजे आजचे ४ लाख नव्हेत. तेच पैसे दुसरीकडे गुंतवले तर वर्षाला १० टक्के सुटतात असं धरा. त्या दराने मागे मोजत आलं तर येणाऱ्या १६ लाखांची आजची किंमत भरते सुमारे ११ लाख ५३ हजार. म्हणजे नफा ६ लाख नाही, दीड लाखाच्या आसपास.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. आता पुढचं बघा. "काम होत आलंय, आणखी बारा महिने द्या," हे वाक्य आपण लॅबमध्ये किती सहज बोलतो! समजा, तसं वर्ष वाढलं, आणि पाचव्या वर्षानंतर प्रतिस्पर्ध्याचा माल बाजारात येणारच असल्याने कमाईचं एक वर्ष कायमचं गेलं. तर मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत उरते ८ लाख २२ हजार. घातलेले १० लाख. म्हणजे पावणेदोन लाखांचा तोटा. कोटिंग तेच, गुणवत्ता तीच, कदाचित आणखी चांगली झालेली. पण धंदा म्हणून प्रकल्प मेला. हे ज्याला कागदावर मांडता येतं तो उशिराबद्दल निराळ्या गांभीर्याने बोलतो, आणि वेळेवर एक ज्यादा माणूसही मागून घेतो.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. संशोधनात यश मिळेलच असं कधी नसतं. समजा, शक्यता अर्धी-अर्धी आहे. सगळे १० लाख पहिल्याच दिवशी खर्चायचे ठरवले, तर सरासरीने हाती येणार ११ लाख ५३ हजारांच्या निम्मे, म्हणजे पावणेसहा लाख. सव्वाचार लाखांचा खड्डा. कुठलाही शहाणा फायनान्सवाला याला नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबरच असेल. आता तोच प्रकल्प दोन टप्प्यांत मांडा. आधी १ लाख खर्चून छोट्या प्रमाणावर प्रयोग, त्यातच जमतं की नाही ते कळेल. जमलं तरच उरलेले ९ लाख. मग सरासरी खर्च होतो १ लाख अधिक ९ च्या निम्मे, म्हणजे साडेपाच लाख. काळाचा बारीक फरक सोडून दिला, तर मिळकत खर्चापेक्षा २६ हजारांनी जास्त. रसायनशास्त्र बदललेलं नाही, शक्यताही नाही. फक्त पैसे कधी खर्च करायचे याचा क्रम बदलला, आणि सव्वाचार लाखांच्या तोट्याचा प्रस्ताव मंजूर होण्यासारखा झाला.

हे जमलं की मीटिंगमधलं बोलणंच बदलतं. "मला १० लाख द्या" याऐवजी "मला १ लाख द्या, चार महिन्यांनी मी तुम्हाला हो किंवा नाही सांगेन" असं म्हणता येतं. आणि त्यात 'नाही' सांगायची तयारीही आलीच. चुकलेला प्रकल्प बंद करणं हे आपल्या माणसांना सगळ्यात अवघड जातं. लॅबमध्ये वर्षानुवर्षं कुंथत चाललेले प्रकल्प असतात, कुणीच त्यांचे तेरावे घालत नाही. त्या प्रकल्पांत अडकलेली दोन हुशार पोरं मात्र वैतागून नोकरी सोडतात.

कुणी म्हणेल, ही झाली पुस्तकातली उदाहरणं. तर मग जेबेल अलीचं खरं उदाहरण घ्या. तिथला अॅल्युमिनियमचा कारखाना, आपल्या लोकांच्या तोंडी 'दुबाल', १९७९ मध्ये सुरू झाला तो बाहेरून घेतलेल्या तंत्रज्ञानावर. अॅल्युमिनियम बनवायचं तर पॉट नावाच्या मोठ्या भट्टीवजा कुंडांत प्रचंड विजेचा प्रवाह सोडावा लागतो. एका किलोला साधारण १३-१४ युनिट वीज. त्यामुळे पॉटची रचना थोडी जरी सुधारली तरी वर्षाचा फरक मोठा पडतो. दुबालच्या लोकांनी स्वतःचे पॉट विकसित करायला घेतले. त्यातल्या 'डीएक्स' नावाच्या रचनेचे २००५ मध्ये उभे केले फक्त पाच. ते चालताहेत असं दिसल्यावर २००८ मध्ये चाळीस. आणि मग अबू धाबीच्या अल तवीलाहमध्ये २००९ च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या कारखान्यात थेट ७५६. पाच, चाळीस, सातशे छप्पन. वरच्या गणितातला १ लाख आणि ९ लाख म्हणजे हेच.

गोष्ट तिथे थांबत नाही. दुबाल आणि अबू धाबीचा एमाल यांची मिळून 'एमिरेट्स ग्लोबल अॅल्युमिनियम' ही कंपनी झाली. २०१६ मध्ये तिने आपल्या पुढच्या पिढीच्या 'डीएक्स प्लस अल्ट्रा' पॉटचा परवाना विकला, तो कुणाला, तर शेजारच्या बहरीनच्या 'अल्बा' कंपनीला. म्हणजे त्याच आखातात, तोच धातू बनवणाऱ्या स्पर्धकाला! अल्बाच्या सहाव्या ओळीत असे ४२४ पॉट बसले आणि डिसेंबर २०१८ मध्ये पहिला धातू निघाला. अमिरातीतल्या उद्योगाने आपलं मुख्य तंत्रज्ञान देशाबाहेर परवान्यावर देण्याची ही पहिलीच वेळ.

या व्यवहाराकडे लॅबमधल्या माणसाच्या नजरेने बघा. वीस-पंचवीस वर्षांची आपली मेहनत स्पर्धकाला द्यायची? पहिली प्रतिक्रिया 'छे' हीच येणार. पण जगात अॅल्युमिनियमचा भाव एकट्या बहरीनमुळे ठरत नाही. तुम्ही दिलं नाही तर ते दुसऱ्या देशाकडून घेतील, आणि परवान्याचे पैसेही तिकडेच जातील. उलट आपलं तंत्रज्ञान दुसरीकडे चाललं की तिसरा ग्राहक विश्वासाने दारात येतो. काय झाकून ठेवायचं आणि काय विकायचं, हा प्रश्न वकिलाचा जितका, तितकाच आर अँड डी मॅनेजरचा आहे. कारण नेमकं कशात आपलं मर्म आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

शिकायची आणखी एक रीत इथल्या अंतराळ केंद्राने दाखवली. दुबईसॅट-१ हा उपग्रह २००९ मध्ये गेला तो दक्षिण कोरियातल्या कंपनीबरोबर काम करून. अमिराती इंजिनियर तिथे जाऊन शेजारी बसून शिकले. २०१३ च्या दुबईसॅट-२ मध्ये त्यांचा वाटा वाढला, आणि २०१८ चा खलिफासॅट अमिराती इंजिनियरांनी दुबईतच बनवला. मंगळावरचं 'होप' यान जुलै २०२० मध्ये निघून फेब्रुवारी २०२१ मध्ये पोहोचलं, तेव्हा त्याच्या वैज्ञानिक बाजूचं नेतृत्व करणाऱ्या सारा अल अमिरी मूळच्या कॉम्प्युटर इंजिनियर, आणि २०१७ पासून मंत्री. वर्गात बसून हे झालेलं नाही, शेजारी बसून झालं आहे. आपल्यासारख्या परदेशी मॅनेजरला यात एक बोचरी बाजूही दिसते. २०२२ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्यांना कुशल जागांवर दरवर्षी २ टक्के अमिराती वाढवायचे आहेत. म्हणजे कोरियन लोकांच्या खुर्चीवर आता आपण बसलो आहोत. शेजारचा मुलगा शिकला की आपलं काय? तो प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण कोर्सची चौकशी करणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात तोच असतो. माझं उत्तर असं, की नुसता फॉर्म्युला येणाऱ्याची जागा जाते. फॉर्म्युला, माणसं आणि पैसा या तिन्हींची सांगड घालणारा सहजासहजी मिळत नाही, तो अमिरातीही नाही आणि भारतीयही नाही.

संशोधन आणि व्यवस्थापन यांची ही सांगड आपल्याला परकी नाही, हे इथे सांगायलाच हवं. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये उभं राहिलं त्यामागे विक्रम साराभाई होते. ते भौतिकशास्त्रज्ञ. त्याआधी १९४७ मध्ये त्यांनी कापड गिरण्यांसाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था काढली होती. गिरणीमालकांच्याच घरातला हा माणूस. नवी पद्धत प्रयोगशाळेत सिद्ध झाली म्हणजे गिरणीत वापरली जातेच असं नाही, मुकादमापासून शेठपर्यंत सगळ्यांना ती पटावी लागते, हा प्रश्न अटिरात रोज समोर यायचा. तिथे काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ कमला चौधरी पुढे आयआयएमच्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. देशातली ही नामवंत व्यवस्थापन संस्था अशी एका प्रयोगशाळेच्या अडचणींच्या शेजारीच वाढली.

आणि पुण्याचं उदाहरण तर आपल्या घरचं. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. पाषाण रोडवरच्या त्या सरकारी प्रयोगशाळेने आपलं ज्ञान परदेशी कंपन्यांना विकावं, ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना औद्धत्याची वाटली असेल. पण पॉलिकार्बोनेटच्या कामावरून अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीने एनसीएलशी करार केला. १९९५ ते २००६ ते सीएसआयआरचे महासंचालक होते, आणि 'पेटंट घ्या, मग प्रबंध छापा आणि समृद्ध व्हा' हा त्यांचा धोशा देशभरच्या शास्त्रज्ञांनी ऐकला. त्या काळात एनसीएलमध्ये असलेली काही मंडळी आज आखातात आहेत. त्यांच्याशी बोललं तर कळतं, की पेटंटपेक्षाही वाटाघाटीच्या टेबलावर बसायची सवय त्यांना जास्त उपयोगी पडली.

आता इथे अमिरातीत पर्याय काय? इन्सिआडची शाखा अबू धाबीत आहे, लंडन बिझनेस स्कूलचं केंद्र दुबईच्या डीआयएफसीत. मुंबईच्या एस. पी. जैनचं नाव दुबईत २००४ पासून आहे. पुण्याच्या सिम्बायोसिसची शाखा नॉलेज पार्कमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या हस्ते सुरू झाली. आणि साराभाईंचं आयआयएम अहमदाबादही सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत दाखल झालं. त्यांचा एमबीए एक वर्षाचा, पण पूर्णवेळ आहे. नोकरी, गृहकर्ज आणि दोन मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्याला पूर्णवेळ हा शब्दच अर्धा निकाल लावून टाकतो. कारण इथला नेहमीचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी सोडून वर्षभर शिकायचं तर राहायचं कशावर, इथपासून सुरुवात. ज्यांच्याकडे दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, किंवा जोडीदाराच्या व्हिसावर राहता येतं, त्यांची गोष्ट वेगळी.

उरलेल्यांसाठी तीन-पाच दिवसांचे किंवा महिन्यातून एक वीकेंड असे टप्प्याटप्प्याचे कोर्स. जानेवारी २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली, शारजात शुक्रवारही. त्यामुळे हे थोडं सोपं झालं आहे. शारजाहून अकॅडमिक सिटीपर्यंतचा प्रवास मात्र अजून जिथल्या तिथे आहे, आणि घरात दोघेही नोकरी करत असतील तर त्या वीकेंडचा भाजीबाजार, मुलांचं पोहणं आणि आजारपण कुणाच्या गळ्यात पडणार, हे फॉर्म भरायच्या आधी बोलून घेतलेलं बरं. एका वहिनींनी मला ऐकवलं होतं, "सर्टिफिकेटवर माझंही नाव हवं होतं."

पैसे कुणी द्यायचे, हा दुसरा मुद्दा. कंपनी देत असेल तर उत्तमच. पण सही करण्यापूर्वी कागद नीट वाचावा. पुष्कळ ठिकाणी अट असते, की कोर्सनंतर अमुक काळ नोकरी सोडली तर फी परत करायची. आर अँड डी मधल्यांनी आणखी एक कलम शोधावं, स्पर्धक कंपनीत न जाण्याचं. फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्याप्रमाणे अशी बंदी जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते, आणि ती जागा, काळ आणि कामाचं स्वरूप यांपुरतीच मर्यादित हवी. ही दोन कलमं एकत्र आली की माणूस चांगलाच अडकतो. कोर्समुळे बाजारात किंमत वाढते, आणि त्याच वेळी बाजारात जायचा रस्ता बंद होतो.

स्वतःच्या खिशातून देणार असाल तर जरा कठोरपणे विचारा. कोर्स संपल्यावर मिळतं ते प्रमाणपत्र की पदवी? तीन-पाच दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, आणि ते तसं मिरवूही नये. पदवी असेल तर देशपातळीवरची मान्यता किंवा दुबईत केएचडीएची परवानगी आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. फोनवर गोड बोलणाऱ्या समुपदेशकाच्या शब्दावर जाऊ नका. वर्गात कोण असतं? सगळेच सेल्सवाले असतील तर तुमच्या प्रश्नांना न्याय मिळणार नाही. सगळेच संशोधक असतील तर फायनान्सवाला कसा विचार करतो हे कळणार नाही, आणि तेच तर शिकायला आपण निघालो आहोत. शिकवणाऱ्याने कधी एखादा कारखाना किंवा लॅब आतून पाहिली आहे का? मोबाईल अॅप्सचीच उदाहरणं देणारे प्राध्यापक बरेच असतात. अॅप महिन्यात बदलता येतं. कोटिंग भिंतीवर लावून दोन उन्हाळे वाट बघावी लागते.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. कोर्समधला मोठा गृहपाठ तुमच्या स्वतःच्या कंपनीतल्या, आत्ता चालू असलेल्या प्रकल्पावर करता येतो का? येत असेल तर फी निम्मी वसूल झाली असं समजा. कारण मग वरचं ते १ लाख आणि ९ लाखांचं गणित तुम्ही खऱ्या आकड्यांवर करता. त्या आकड्यांसाठी फायनान्सच्या माणसाकडे जाऊन बसावं लागतं, आणि तो कदाचित पहिल्यांदाच तुमच्या लॅबमध्ये येऊन जातो. मात्र वर्गात तुमच्या शेजारी स्पर्धक कंपनीचा माणूस बसलेला असू शकतो. त्यामुळे प्रकल्पाचं नाव, घटक आणि खरे आकडे बदलून मांडायची मुभा आहे का, वर्गातल्या चर्चेच्या गोपनीयतेवर सगळ्यांच्या सह्या घेतात का, हे विचारून घ्या, आणि आपल्या साहेबांची लेखी परवानगीही. बहुतेक साहेब ती देतात. काही जण तर म्हणतात, गृहपाठ झाला की आम्हालाही दाखवा.